चार वाचायचे, दोन लिहायचे

तिथं नको बाई, त्या खुर्चीचा एक पाय लुळा आहे, या स्टुलावर बसा. — आणि कॉम्प्युटरच्या दुकानात मी सांगितलं होतं की जाणता माणूस पाठवा, तर त्यांनी तुम्हाला पाठवलं. नाही, तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, काम येत असेल तर बाई काय अन् बुवा काय. मागं आला होता तो बुवाच होता, त्यानं काय दिवे लावले ते सांगतो मग. मशीन ते — हो, शिलाईच्या टेबलावरचं काळं खोकं, तेच. टेबल आमच्या हिचं. शिलाईमशीन देऊन टाकलं, टेबल राहिलं. पडदा पुसायला नको, मी रोज पुसतो. रोज म्हणजे — दिसला की पुसतो, दुसरं काय काम आहे मला. पिशवी खाली ठेवा, फरशी स्वच्छ आहे, मी स्वतः बसवलीय, या घरातली एकूण एक फरशी माझ्या हातची आहे, गोटी ठेवून बघा, घरंगळली तर नाव बदलीन. जन्मभर तेच केलं, लोकांच्या घरांत गुडघे टेकून मागं मागं सरकत गेलो. शाळा म्हणाल तर नावापुरती. तेव्हा मला इंग्रजी झाडू नका, आणि माझं काही चुकलं तर हसू नका. हसलात तरी चालेल, पण काम करता करता.

बिघाड काय ते दुकानात सांगून आलो होतो. परमिशन. — अंदाजानं नाही बोलत मी, पोरगाच म्हणाला, परमिशन देत नाहीये ते. पोरगा तुमच्याच कामातला आहे, पण मोठ्या जागी, लांब. जाताना त्यानं हे करून दिलं, घरचा फळा. फळा म्हणजे काय — शाळेत असतो तसाच, फक्त या पडद्यावर. त्यानं तिकडून फोटो टाकायचा, खाली एक ओळ लिहायची, हिनं इकडून टाकायचा. दुसऱ्या कुणाच्या दारात ठेवायचं नाही, आपल्या घरचं आपल्या घरात, म्हणून हे खोकं. ही दिवसभर टाकायची. दूध उतू गेलं, फोटो. मांजर धुतलेल्या चादरीवर झोपलं, फोटो. मी डुलकी काढताना तोंड उघडं पडलं, त्याचाही. मी म्हणायचो, अगं, काही कामधंदा आहे की नाही? तर म्हणायची, त्याला तिथं कोण दाखवणार तुमचं तोंड? — आणि नवा फोटो आला की वाजतं. साधं टिंगटिंग नाही. ही जेवायला हाक मारायची नाही, पातेल्याच्या झाकणावर चमचा आपटायची, दोन ठोके. पोरानं तेच भरून घेतलंय त्यात. तिकडून फोटो आला की इकडं झाकण वाजतं. ती गेली तरी ते — म्हणजे मशीनमध्ये आहे ते अजून, वाजायला पाहिजे. वाजत नाही. हाच बिघाड.

आधीचं मशीन हे नव्हतं. ते जुनं, खिडकीच्या चित्राचं. त्यात सोपं होतं — फोल्डरवर उजवं बटण, मग सिक्युरिटी, मग माणसांची नावं आणि प्रत्येकापुढं चौकोन, त्यात बरोबरच्या खुणा करायच्या. याला वाचू दे, त्याला लिहू दे. आणि वरच्या फोल्डरला जे दिलं ते खालच्याला आपोआप, वारशानं. मलासुद्धा कळायचं ते. एकदा फोटो जाईना, हिचा जीव खालीवर, म्हणून मी तो बुवा आणला — तुमच्या दुकानातला नाही, दुसऱ्या. आला, उभ्या उभ्या बघितलं, त्या नावांत ‘एव्हरीवन’ म्हणून एक असतो, त्याच्यापुढं सगळ्या खुणा केल्या, झालं म्हणाला आणि गेला. मी विचारलं होतं त्याला, एव्हरीवन म्हणजे कोण? म्हणाला, सगळे. मी म्हटलं, सगळे म्हणजे आम्ही तिघं? म्हणाला, हो, तेच. — आठवडा नाही गेला, फळ्यावर केस उगवायच्या तेलाची जाहिरात. त्याच्यामागून एक कुणी परकी बाई, अंगावर कपड्यांचा दुष्काळ. ही भोळी, पोराला फोन करून विचारते, ही सूनबाईची मैत्रीण का रे?

तेव्हा पोरगा चिडला, आणि पुढच्या खेपेला येताना हे खोकं घेऊन आला. यात खुणा नाहीत, आकडे आहेत. थांबा, मी सांगतो, तुम्ही बघा बरोबर आहे का. चार वाचायचे, दोन लिहायचे, एक आत शिरायचा. बेरीज करायची. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्यांचा. सात-सात-पाच म्हणजे मालकाला सगळं, गटाला सगळं, उरलेल्यांनी यावं, वाचावं, हात लावू नये. सात-सात-सात कधी द्यायचं नाही, ते त्या एव्हरीवनचं भावंड. — काय, बरोबर ना? हं. मग. आता मालक कोण ते विचारा. मी? मी नाही. खोकं माझ्या घरात, वीज माझी खातं, त्याचा पंखा माझ्या कानाशी घुरघुरतो, आणि फोटोंच्या फोल्डरचा मालक कोण, तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. मी पोराला म्हटलं, हा कोण मेला? भाडं देतो का? तर तो हसला. बराच वेळ हसला. म्हणाला, बाबा, तो माणूस नाही, फळा चालवणारा नोकर आहे, आलेला फोटो तोच आत नेऊन ठेवतो म्हणून फोल्डर त्याच्या नावावर. माझ्या लॅपटॉपात — त्याचा तो उष्ट्या सफरचंदाचा — तिथंही असाच एक नोकर आहे म्हणाला, नाव जरा वेगळं, आधी एक आडवी रेघ. मग मला पटलं. फरशी ओली असताना मी घरमालकालाच आत येऊ द्यायचो नाही. घर तुमचं असेल, म्हणायचो, पण आज या खोलीत पाय माझाच पडणार. तसंच हे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, वा बाबा.

मला कसं माहीत हे सगळं — रविवारमुळं. दर रविवारी फोन येतो त्याचा. आधी हिच्याशी बोलायचा, मायलेकांचं चालू तर चालूच, आणि शेवटी ही फोन माझ्या कानाला लावायची, बोला. मी म्हणायचो, बरंय ना? तो म्हणायचा, बरंय. संपलं. बापलेकांचं तेवढंच असतं, त्यात वावगं काही नाही. हिच्यामागं फोन सरळ माझ्याकडं यायला लागला. पहिले काही रविवार आम्ही एकमेकांचा नुसता श्वास ऐकला. मग एकदा मी म्हटलं, अरे, फळ्यावर काही दिसत नाही तुझं. तर म्हणाला, हो बाबा, ते — ते परमिशन देत नाहीये. मी म्हटलं, म्हणजे काय? तर लागला सांगायला. मालक, गट, उरलेले. माझा चहा थंड होऊन वर साय धरली, इतका वेळ बोलला. पुढच्या रविवारी मी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. चारचं आणि दोनचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, फरशीवाल्याला बेरीज येते, पण मी आपलं म्हणायचो, पुन्हा सांग रे, दोन कशाचे? — तुम्ही तुमचं बघा ना, माझ्याकडं काय बघताय.

मला विचाराल तर बिघाड कुठं झाला ते मी सांगतो. हिचं सगळं झाल्यावर तो आला होता ना, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी इथं बसून त्यानं साफसफाई केली. हिचं नाव मशीनमधून काढलं. म्हणाला, जो माणूस नाही त्याचं खातं उघडं ठेवू नये, चोर त्याच दारानं येतात. असेल बरोबर. पण त्या दिवसापासून झाकण वाजलं नाही. म्हणजे त्यातच काहीतरी हललं, हिला काढता काढता गटाला धक्का लागला असेल, एक फरशी उपटायला जावं तर शेजारची हलते तसं. — काय दिसलं? हां, ते. ते हिचे फोटो. ही याच मशीनवर बसून स्वतःच्या हातानं आत ठेवायची, म्हणून तिच्या नावावर होते. हो, माहितीय मला, आता मालकाच्या जागी नाव नाही, आकडा आहे. नाव काढलं की मशीनला नुसता आकडा उरतो, तो कुणाचा ते त्याला सांगता येत नाही. एक हजार तीन. मला येतं ना सांगता. — नको. माझ्या नावावर नको. त्या नोकराच्या तर नकोच नको. बेवारशी दिसले तर दिसू द्या, आकडा तर आकडा. तुम्ही नव्या फोटोंच्या फोल्डरचं बघा.

कारण मला घाई आहे ती भिंगरीची. नात माझी. फळ्यावर शेवटचा फोटो तिचाच आहे, तो बघा, समोरचा दात पडलाय आणि तळहातावर धरून दाखवतेय. आता नवा आला असेल ना तिथं? इतक्या दिवसांत येतोच दात. गेल्या रविवारी ती मध्येच फोनवर आली, म्हणाली, आजोबा, मी तुमच्यासाठी खूप फोटो काढून ठेवलेत, पण बाबा म्हणतो तुमचं मशीन घेत नाही. तुमचं मशीन वाईट आहे. — वाईट. आता पोरानं म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं, पण तिनं — म्हणून सोमवारी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. आणि तुम्ही उगवलात आज, शुक्रवारी.

बाहेरून टाकून बघणार? म्हणजे तुमच्या फोनवरून, तुमच्या नेटनं, जसा काही पोरगाच तिकडून टाकतोय. टाका की. त्याचा पासवर्ड आहे माझ्याकडं, त्यानंच देऊन ठेवलाय, आधी भिंगरी आणि पुढं तिची जन्मतारीख. तोवर मी चहा टाकतो. नको काय, एकदा नको म्हणायची पद्धत असते, ती झाली तुमची. — इथून बोललेलं ऐकू येतं ना? ऐकू येतं, मला माहितीय, ही इथून बोलायची आणि मी तिथं बसून ऐकू न आल्यासारखं करायचो. साखर किती? मी दोन चमचे घेतो. डॉक्टर म्हणतो एक. हिच्यासमोर एकच घ्यायचो, आता कोण बघतंय — थांबा.

थांबा, थांबा. वाजलं. बाई, वाजलं ना? झाकण. मी नाही वाजवलं, माझ्या हातात काही नाही, बघा. आला. आला त्याचा. सरका, सरका जरा, बघू द्या — आज रविवार नाही, तरी — भिंगरीनं टाकला असेल, तो कामावर असेल आता, तिनं हळूच टाकला असेल. काय आहे ते? चष्मा. चष्म्याचा कशाला फोटो? तिकडं चष्मा कुणाला लागला? भिंगरीला लागला? एवढ्या लहान वयात — मोठा करा, जरा मोठा करा तो. काडीला दोरा बांधलाय.

हे टेबल तर आमच्या हिचं आहे.

तुमचा. हो. सांगितलं होतंत की तुम्ही, टाकून बघते म्हणून. मीच विसरलो. चष्मा मी इथं काढून ठेवला, तुम्हाला समोर तोच दिसला, त्याचाच काढलात. नाही, तुमचं काय चुकलं त्यात. काहीतरी काढायलाच हवं होतं. — चहा गेला उतू. वास येतोय. जाऊ द्या, गॅस मी बंद करून येतो.

चला. झालं की मग. दुरुस्त झालं. काय होतं? गटाचंच होतं ना? हिला काढताना गटाला धक्का लागला होता, मी म्हटलं नव्हतं? — काही केलं नाही म्हणजे? मघापासून टकटक चालली होती की तुमची. बघत होतात. नुसतं बघत होतात. म्हणजे सात-सात-पाच होतंच. मालक तो नोकर, तो होताच. गटात पोरगा, तोही होताच. म्हणजे काल त्यानं टाकला असता तर काल आला असता? आणि त्याच्या आधी? — नीट बघा हो एकदा. मध्येच बिघडून आपोआप नीट झालं असेल. होतं असं, आमची पाण्याची मोटार बंद पडते, दुरुस्तीवाला दारात आला की चालायला लागते. होत नाही. आकडे आपोआप बदलत नाहीत.

बरं.

बरं, त्याला काम फार असतं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही त्यातल्याच. दिवसभर पडद्यासमोर बसायचं आणि घरी येऊन पुन्हा पडदा उघडायचा, कुणाला जमेल. आणि फळा उघडला की सगळं हिचंच. दूध, मांजर, माझं तोंड. त्याला बघवत नसेल. मला बघवतं, मी इथंच असतो, मला सवय झाली. तिथं एकट्यानं ते उघडून बसायचं म्हणजे — तो खोटं बोलला असं म्हणू नका. तुम्ही म्हणाला नाहीत, पण मनातही म्हणू नका. मी अचानक विचारलं, माणसाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, त्याच्या तोंडात कामावरचा शब्द आला. मीच जर तेव्हा हं म्हणून सोडलं असतं तर सुटलं असतं ते. मी धरून ठेवलं. दर रविवारी मीच विचारलं.

आता माझं एक काम करा. ते बंद करा. फोटोंचं फोल्डर. पाच-पाच-पाच. वाचावं, आत यावं, लिहायचं कुणी नाही, त्या नोकरानंसुद्धा नाही. — मला कळतंय मी काय सांगतोय, डोकं ठिकाणावर आहे माझं. असं बघा, परवा रविवार. तो विचारणार, बाबा, झालं का ते नीट? विचारतोच. मी काय सांगू? झालं म्हणून सांगू? मग पुढं बोलायचं काय आम्ही? बरंय ना, बरंय, आणि ठेवला फोन. आणि भिंगरी तिथंच घुटमळत असते, ती म्हणणार, बाबा, आता टाक ना, आणि त्यानं नाही टाकला तर — मी त्याला त्याच्या लेकीसमोर तोंडघशी पाडू? वाईट मशीन तर वाईट मशीन. माझं काही जात नाही त्यात. आणि मला अजून पुष्कळ विचारायचं राहिलंय. त्या सफरचंदवाल्यात म्हणे आकड्यांच्या वर आणखी एक कलमांची भानगड असते, आकडे बरोबर असले तरी ती अडवते. ते त्यानं अर्धवटच सांगितलंय. दोन-तीन रविवार तेवढ्यात जातील. — दाबा ना. तुमची फी मी पुरी देतो, दुरुस्तीचीच समजा. झालं? बघू, टाका आता पुन्हा तुमच्या फोनवरून. काय लिहून येतंय? मोठ्यानं वाचा. परमिशन नाही.

हां. आता तो म्हणतो तसं झालं.

चष्म्याचा तो राहू द्या. — काढून टाकायलाही लिहायचीच मुभा लागते, होय ना? त्या फोल्डरची. माहितीय मला, रविवारचंच शिक्षण. मग राहिलाच तो. काय म्हणालात? — हो. दिसेल की त्याला. त्याच्याच नावानं टाकलाय तुम्ही, तारीख आजची, फळा उघडला की सगळ्यात वर. दिसला तर लगेच कळेल त्याला की मशीन घेत होतं. तो हुशार आहे.

उघडला तर.

पिशवी घ्या तुमची. चहा आता पुन्हा टाकत नाही मी. तुमचा नंबर तेवढा इथं भिंतीवर लिहून ठेवा, पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात. रविवारी तो म्हणाला ना, बाबा, हा चष्मा कुणाचा — तर सोमवारी सकाळी तुम्हाला फोन करतो, येऊन ते उघडून द्या. आणि नाहीच आला माझा फोन तर म्हाताऱ्याला नंबर वाचता आला नाही असं समजा. जिना अंधारा आहे, कठडा धरून उतरा. जा आता.